सदानंदची झोप आणि क्लेमेंट मिस्त्रींच्या झडपा

सदानंद खानोलकरच्या जिभेवर मुंबईतल्या काही हजार घरांचा सकाळचा चहा अवलंबून असतो, हे आमच्या एव्हरशाईन सिटीत फारच थोड्या लोकांना ठाऊक होतं. मला ठाऊक होतं, कारण मला सगळ्यांचंच सगळं ठाऊक असतं. कंपनीतून व्हीआरएस घेतल्यापासून माझ्याकडे दोनच गोष्टी उरल्या आहेत, एक स्कूटर आणि भरपूर वेळ. त्यात आमची इमारत काटकोनात वळलेली. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी आणि सदानंदच्या बेडरूमची खिडकी इतक्या जवळ, की इकडून वाटी पुढे केली तर तिकडून साखर मिळावी. मी मुद्दाम बघत नाही हो. पण चहा उकळेपर्यंत माणसाने बघायचं तरी कुठे?

तर सदानंद. मूळचा मालवणकडचा, वय चव्वेचाळीस, अंगाने काडी आणि नाकाने राजा. मुंबईतल्या एका डेअरीत तो रात्रपाळीला. गावोगावचे टँकर रात्री यायचे. झाकण उघडायचं, सदानंदने नाक पुढे करायचं, मग चमचाभर दूध जिभेवर घोळवून थुंकायचं. त्याने मान हलवली की टँकर आत, नाक मुरडलं की टँकर बाहेर. यंत्रं होती, कागद होते, पण शेवटचा शब्द सदानंदच्या नाकाचा. "काल एका टँकरच्या म्हशींनी कसलासा उग्र पाला खाल्ला होता, हरूभाऊ," असं तो मला सकाळी जिन्यात सांगायचा, जणू त्या म्हशी त्याला स्वतः भेटून गेल्या आहेत. एकोणीस वर्षं हे चाललं होतं. या माणसाला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायची इच्छाही नव्हती.

नाक चालायचं तर डोकं जागेवर हवं, आणि डोकं जागेवर हवं तर झोप हवी. सदानंदची झोप सकाळी साडेआठला सुरू व्हायची आणि नेमका त्याच वेळी सूर्य त्याच्या खिडकीत येऊन बसायचा. जाड पडदा लावावा तर दोन हजार सहा सालचा तो उन्हाळा. आमच्याकडे सकाळी दहा वाजता वीज जायची ती कधी एकला यायची, कधी त्याहून उशिरा. पंखा बंद, पडदा बंद, आत सदानंद. पडदा उघडावा तर वारा यायचा, पण सोबत सूर्यही यायचा. मी माझ्या ओट्यापाशी उभा राहून बघायचो. या कुशीवरून त्या कुशीवर, मग पालथा, मग डोळ्यांवर टॉवेल, मग टॉवेल भिरकावलेला. तव्यावरची पोळी तरी एकदाच उलटतात.

मग त्याने काचांना काळा कागद चिकटवला. दुसऱ्याच दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी चेहरा पाडून दारात उभे. "खानोलकर, काही वाईट बातमी?" मनोरमावहिनींनी, म्हणजे सदानंदच्या बायकोने, तो कागद त्यांच्यासमोरच टराटरा फाडला.

बिछाना फिरवायचा उपाय मीही सुचवून पाहिला होता. डोकं दुसऱ्या बाजूला केलं असतं तर ऊन पायांवर पडलं असतं आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण दुसरी बाजू म्हणजे उत्तर. मनोरमावहिनी शाळेत विज्ञान शिकवतात. त्या म्हणाल्या, "उत्तरेला डोकं? मी जिवंत असताना नाही." विज्ञान तिथेच थांबलं.

एप्रिलच्या अखेरीस व्हायचं ते झालं. दहा दिवसांच्या जागरणानंतर सदानंदने एका टँकरला मान हलवली आणि ते दूध तापवताना फाटलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ते शांतपणे म्हणाले, "खानोलकर, माणूस आहे, चुकतो. पण आणखी एकदा असं झालं, तर मला तुम्हाला स्टोअरमध्ये द्यावं लागेल. रिकामे कॅन मोजायला."

हे सदानंदने मला जिन्यात सांगितलं. गवयाला दारात चपला सांभाळायला बसवावं, तसं ते.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी वहिनींच्या शाळेतल्या लुईझा टीचरच्या बहिणीचं, व्हेरोनिकाचं लग्न होतं. लुईझा टीचर जवळच्याच नंदाखाल गावच्या. नारळी-केळीच्या वाडीत त्यांचं जुनं कौलारू घर. सदानंद ड्युटीवरून घरी न येता परस्पर तिथे गेला. अंगणात मांडव, मांडवात ब्रास बँड, बँडपुढे पन्नास माणसं नाचतायत, पानात फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, आणि मटणाचं झणझणीत इंद्याल. वहिनी वधूवरांना भेटून आल्या तर नवरा गायब! शोधाशोध झाली. शेवटी आतल्या खोलीत सापडला. खिडकीजवळच्या वेताच्या आरामखुर्चीत, तोंड उघडं, हात लोंबकळलेले. त्याच्या डोक्यापासून आठ फुटांवर ढोल वाजत होता आणि हा पठ्ठ्या चार तास झोपला. नवरा-नवरी निघाली तेव्हा फटाके फुटले, तरी उठला नाही.

जागा झाला तेव्हा त्याने पहिली गोष्ट पाहिली ती खिडकी. तिला आतून लाकडी झडपा होत्या. झडपांत आडव्या पट्ट्या आणि मधोमध एक उभी काठी. काठी खाली ओढली की पट्ट्या मिटायच्या, अर्धी ओढली की तिरप्या व्हायच्या. तिरप्या पट्ट्यांतून वारा येत होता, वाऱ्याबरोबर केळीच्या पानांचा ओला वास येत होता, आणि खोलीत मात्र संध्याकाळसारखा अंधार.

"मनोरमा, मला हे पाहिजे," सदानंद म्हणाला. एवढ्या ठामपणे तो लग्नाच्या वेळीही बोलला नव्हता, असं वहिनीच सांगतात.

"तुला हे पाहिजे की ते?" वहिनींनी टेबलावरच्या ग्लासांकडे बोट केलं. "किती घेतलीस?"

"घोट नाही घेतला गं! माझी जीभ आहे, मी असल्या गोष्टी जिभेला लावतो का कधी?"

"मग ढोलाशेजारी माणूस शुद्धीत झोपतो?"

हा खटला त्या घरात पंधरा दिवस चालला. सदानंदचं म्हणणं, झोप झडपांमुळे लागली. वहिनींचं म्हणणं, ग्लासामुळे. आणि ग्लासामुळे लागली असेल तर झडपा करून घेण्यात काय अर्थ? खिडकीतून मला दोन्ही पक्ष नीट ऐकू यायचे. मी दोन्ही पक्षांना स्वतंत्रपणे सांगितलं की तुमचंच बरोबर आहे.

त्या घराच्या झडपा कुणी केल्या, हेही विचारून झालं होतं. लुईझा टीचर म्हणाल्या, "आमच्याच गावचे क्लेमेंट मिस्त्री. पण आता पंचाहत्तरीला आलेत, हात कापतो. नवीन काम घेतच नाहीत." म्हणून नंदाखालचा रस्ता बंद झाला आणि सदानंदने जवळपासचा जाणकार शोधायचं ठरवलं.

पहिला जाणकार जितेंद्र. आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. स्टेशनच्या बाजूला त्याची झगमगीत शोरूम, आत एसी, आणि हातात असा जाडजूड अल्बम की मुलीच्या लग्नाचाही एवढा नसतो. "अंकल, लाकूड कशाला? हे प्लास्टिकमध्ये घ्या. पाणी लागणार नाही, वाळवी लागणार नाही, रंग लागणार नाही." सदानंदने अल्बममधली खिडकी नाकाजवळ नेली आणि वास घेतला. सवयच ती. जितेंद्र माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "त्यांची पद्धत आहे, तुम्ही चालू ठेवा."

बाहेर आल्यावर सदानंद स्कूटरपाशी थांबला. "हरूभाऊ, आम्ही टँकर फोटो बघून घेत नाही. चव घेतो. झडपेची चव कशी घ्यायची?"

"चाटून बघ."

"झोपून," तो म्हणाला. आणि तो थट्टा करत नव्हता. "झडपेची चव म्हणजे झोप. यांनी जिथे काम केलंय तिथे जाऊन, ड्युटीवरून आल्यासारखं आडवं व्हायचं. लागली झोप तर काम पास."

माणसं सुतार निवडताना काम बघतात, लाकूड बघतात, फार तर भाव करतात. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन झोपणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. अशा वेळी सज्जन शेजाऱ्याने काय करावं? समजूत घालावी. मी स्कूटर काढली.

जितेंद्रने नायगावचा पत्ता दिला, खाडीच्या बाजूचा नवा टॉवर, सहावा मजला. सकाळी नऊला आम्ही दारात. पुढे मी, मागे काखेत उशी घेतलेला सदानंद. किंजल नावाच्या एका तरुण मुलीने दार उघडलं. नवं लग्न झालेलं, हाताला अजून मेंदी.

"ताई, आम्ही खिडक्या बघायला आलोत. जितेंद्रनी फोन केला असेल," मी म्हटलं.

"हां हां, या ना." मग तिची नजर उशीवर गेली. "आणि हे अंकल?"

"ते बघणार नाहीत. ते झोपणार आहेत."

किंजलने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा उशीकडे, आणि आत जाऊन सासूला घेऊन आली. सासूबाईंना सगळी हकिकत, डेअरी, नाक, टँकर, रिकामे कॅन, पहिल्यापासून सांगावी लागली. सासूबाई हळव्या निघाल्या. "बिचारा! झोपू दे त्याला, बेटा. बेडशीट बदल."

अंधार छान होता. सदानंदने डोळे मिटले. मी बाहेर सोफ्यावर ढोकळा खात घड्याळ लावून बसलो. अकराव्या मिनिटाला खाडीवरचा वारा आला आणि त्या प्लास्टिकच्या पट्ट्या एकमेकींवर आपटायला लागल्या. टक टक टक टक. कुणी टाइपरायटरवर राजीनामा लिहीत असावं तशा. सदानंद उशी घेऊन बाहेर आला.

"नापास," तो म्हणाला, आणि ढोकळ्याचा एक तुकडा तोंडात टाकून सासूबाईंना म्हणाला, "काकू, दही कालचं आहे. पण छान आहे."

दुसरा जाणकार विघ्नेश. आमच्या सोसायटीतल्या अर्ध्या घरांचं फर्निचर त्याने केलेलं. बोलणं असं की समोरच्याने फक्त मान हलवायची. "काका, माझ्या सासऱ्यांच्या घरी बसवल्यात झडपा. जाऊन बघा. सासऱ्याकडे कोण वाईट काम करील?"

मला हा मुद्दा बिनतोड वाटला. विघ्नेशचे सासरे आमच्याच कॉलनीत, चार इमारती पलीकडे राहायचे. त्यांनी स्वागत केलं, बेडरूम दाखवली, झडपा दाखवल्या. देखण्या! गुळगुळीत, चकाकणाऱ्या, अगदी पाहुण्यांना दाखवाव्यात अशा. सदानंद आडवा झाला आणि खरंच झोपला. मी आणि सासरे पाय न वाजवता बाहेर आलो. मी मनातल्या मनात विघ्नेशला काम देऊनही टाकलं होतं. दहाला वीज गेली. साडेदहाला आतून धडपड ऐकू आली आणि दार उघडून सदानंद बाहेर आला तो थेट मोदकपात्रातून काढल्यासारखा. घामाने निथळतोय, चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले.

"पट्ट्या उघडत का नाहीत त्या?" त्याने विचारलं.

सासऱ्यांनी मान खाली घातली. "त्या पट्ट्या नाहीत हो. नुसत्या रेघा आहेत. डिझाइन म्हणून कोरल्यात. मी जावयाला म्हटलं होतं, वारा कुठून येणार? तर म्हणाला, पप्पा, एसी बसवा ना."

आम्ही निघालो तेव्हा ते जिन्यापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "तुम्हाला दुसरा कुणी चांगला मिळाला तर मलाही नंबर द्या. मुलीला सांगू नका."

पण आता हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. त्या आठवड्यात सदानंदने एका टँकरचा नमुना तीनदा चाखला, आणि तरी त्याला खात्री वाटेना. शेवटी दुसऱ्या माणसाला विचारून पास केला. नाकाला स्वतःचा भरवसा वाटेना, म्हणजे काय झालं असेल बघा. "हरूभाऊ," तो मला म्हणाला, "मी स्टोअर बघून आलो. खिडकीच नाही तिथे. गंमत आहे ना, तिथे छान झोप लागेल."

हे ऐकून मनोरमावहिनींनी खटला बाजूला ठेवला. "चला नंदाखालला," त्या म्हणाल्या. "नाही म्हणतील तर तोंडावर म्हणू देत."

रविवारी आम्ही तिघं गेलो. क्लेमेंट मिस्त्री वाडीत केळीची सुकलेली पानं कापत होते. बुटकी मूर्ती, अर्धी चड्डी, गळ्यात क्रूस, कानावर पेन्सिल. काम सोडलं तरी पेन्सिल सुटली नव्हती. त्यांनी आम्हाला ओसरीवर बसवलं आणि आतून चहा आला. त्यांनी स्वतःचा कप उचलला तर बशीत चहा हिंदकळला. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. म्हातारबुवांच्या ते लक्षात आलं.

"चा धरताना हात हलतो, बाय," ते म्हणाले. "रंधा धरला का थांबतो. त्याला माहीत हाय कुठं थरथरायचं ते."

सदानंदने आपली सगळी कथा सांगितली. पुढे त्याच्या पद्धतीप्रमाणे म्हणाला, "मिस्त्रीबाबा, रागावू नका, पण मला आधी नमुना बघावा लागतो. तुम्ही झडपा लावलेल्या एखाद्या घरी मला दोन तास झोपू द्याल का?"

क्लेमेंट मिस्त्रींनी डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं. कप खाली ठेवला.

"अरे! व्हेरोनिकाच्या लग्नात खुर्चीत पडलेला तो तूच ना?"

सदानंदचे कान लाल झाले. वहिनी पुढे सरकून बसल्या. खटल्याला साक्षीदार मिळाला होता.

"मी बाजूलाच बसलो होतो," म्हातारा म्हणाला. "ढोलवाल्याला मीच सांगितलं, जरा जोरात मार, बघू उठतो का. नाय उठला! माझ्या झडपेजवळ एवढ्या आवाजात मानूस झोपला. पन्नास वर्षांत मला कोनी असं सर्टिफिकेट दिलं नव्हतं. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. आनि तू माझ्याकडे नमुना मागतोस? चार तास झोपला होतास, तो काय होता?"

"पण बाबा," वहिनींनी मुद्द्याचं विचारलं, "हे काही प्यायले होते का?"

"हा? याच्या हातात ग्लास मीच दिला होता. याने वास घेतला आनि खाली ठेवला. मग वाया कशाला घालवायचा? मी पिलो."

सदानंदने बायकोकडे असं पाहिलं, की काय सांगू! वरच्या कोर्टातून निर्दोष सुटलेला माणूस असाच बघत असेल. वहिनी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या, आणि एवढं हसल्या की म्हातारबुवांची बायको आतून काय झालं ते बघायला आली. मिस्त्रींनी ओसरीवरूनच तिला ओळख करून दिली. "बघ, तो झोपलेला मानूस आला." तिने लगेच घडभर केळी सदानंदच्या पुढ्यात ठेवली.

"काम मी सोडलं होतं," क्लेमेंट मिस्त्री मग म्हणाले. "पन तुझं करतो. का ते सांगू? या झडपा आमच्याकडे कोनासाठी झाल्या माहीत हाय? माझा बापूस पहाटे तीनला रहाट जुंपायचा. वाडीला पानी लावून सकाळी नवाला घरी यायचा आनि दिवसा झोपायचा. त्याच्या बापसाचं पन तसंच. दिवसा झोपनाऱ्या मानसाची खिडकी हाय ही. आता पंपाचं बटन दाबतात आनि रात्री झोपतात. मग झडप कोनाला पायजे?"

मंगळवारी सकाळी आठ वाजता ते आमच्या इमारतीत हजर. हातात घडीची लाकडी फूटपट्टी आणि एक स्टूल. सदानंद नुकताच ड्युटीवरून आला होता. मी ओट्यापाशी चहाला लागलो. चहा सावकाश उकळावा म्हणून गॅस बारीक ठेवला.

"डोकं कुठं करतोस?" मिस्त्रींनी विचारलं.

"दक्षिणेला."

"फिरव की. मग माझी गरजच नाय."

"उत्तरेला डोकं होतं," आतून वहिनींचा आवाज आला.

"अगं बाई! मग नको." त्यांनी स्टूल कोपऱ्यात मांडलं आणि बसले. "झोप."

"आता? तुमच्यासमोर?"

"मग? खिडकीचं माप कोनीपन घेतो. मला उजेडाचं माप पायजे."

सदानंद आडवा झाला. मुलगी बघायला आलेल्या माणसांसमोर बसावं तसा, अंग चोरून. मिस्त्री तासन्‌तास बसून राहिले. ऊन जिथे भिंतीला लागेल तिथे दर अर्ध्या तासाने पेन्सिलीने एक रेघ मारायची. उशीवर पोचलं की उशीवरही रेघ. दहाला वीज गेल्यावर त्यांनी बोट ओलं करून वर धरलं आणि वारा कुठून येतो ते पाहिलं. मग चौकटीवर दोन खुणा केल्या. साडेअकराला सदानंद डोळे न उघडता म्हणाला, "बाबा, तुम्ही बघताय तर झोप येत नाही." मिस्त्री म्हणाले, "मी तुला बघतच नाय. मी सूर्याला बघतो. तू मधे पडलायस."

जाताना त्यांनी भिंतीवर, रेघांपासून दूर, एक फुली मारली. वहिनींनी विचारलं, "ही कसली? इथे तर ऊन येत नाही."

म्हाताऱ्याने माझ्या खिडकीकडे मान वळवली आणि मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "ते समोरच्या भाऊंचे डोळे."

माझा चहा उतू गेला.

लाकूड त्यांच्या गोठ्याच्या माळ्यावर होतं, पाडलेल्या एका जुन्या घराचा साग. सदानंदने त्यातली एक पट्टी मागून घेतली आणि रात्रभर बादलीत बुडवून ठेवली. स्वभावाला औषध नाही. सकाळी पट्टी होती तशीच. मिस्त्रींना हे कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. "नवीन लाकूड पानी पिऊन फुगतं," ते म्हणाले. "हे शंभर वर्षं फुगून फुगून दमलंय. आता याला पानी दे, नायतर चा दे, जागचं हलनार नाय."

जूनच्या पहिल्या आठवड्यात झडपा बसल्या. मी खास हात बघायला गेलो होतो. रंधा धरल्यावर तो हात खरंच थांबला. बिजागरीचा स्क्रू पिळताना तर असा, की घड्याळजीने बघावं. शेवटी त्यांनी मधली काठी अर्धी ओढली. खोलीत संध्याकाळ झाली. बाहेर सकाळचे नऊ, आत संध्याकाळचे सात, आणि वारा थेट उशीच्या वर. भिंतीवरच्या एकाही रेघेला ऊन शिवलं नाही. मिस्त्रींनी खिशातून रबर काढून रेघा पुसल्या. फुली तेवढी ठेवली.

"हिला का नाही पुसत?" मी विचारलं.

"राहू दे. तुमची आठवन."

त्या दिवशी सदानंद नऊला आडवा झाला. दहाला वीज गेली, सव्वाला आली, त्याला दोन्हींचा पत्ता नाही. चारला भंगारवाला ओरडून गेला. पाचला वहिनींनी हाक मारली. सहाला मी बेल वाजवली. साडेसहाला आम्ही दोघांनी मिळून त्याला उचलून बसवला, कारण सातला निघालं नाही तर रिकामे कॅन त्याच रात्री पक्के होते. झोप नसल्याने नोकरी जायची होती, ती आता झोपेने जायची वेळ! बसवल्यावर तो डोळे न उघडता म्हणाला, "आज कांद्याची भजी केलीयेस आणि तेल जुनं आहे."

तेल खरंच जुनं होतं. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. नाक परत आलं होतं. त्याला तसाच मी स्कूटरवरून स्टेशनवर नेऊन सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्यातच उभा होतो. सदानंद एकेक पायरी सोडून वर आला.

"हरूभाऊ, एक टँकर परत पाठवला."

"फाटलं होतं?"

"नाही. एकदम ताजं. यंत्राने पास केलं, कागद पास, साहेबांनी स्वतः वास घेतला, त्यांनाही काही नाही. मी म्हटलं, साहेब, रॉकेल आहे. ते म्हणाले, खानोलकर, आता तुम्ही घाबरून परत पाठवताय. मी म्हटलं, नाही, रॉकेल आहे. मग झाकण पूर्ण उघडून बॅटरीने बघितलं. झाकणाच्या खाली कडेला एक चिंधी कोंबलेली, गळू नये म्हणून. ड्रायव्हरने स्टोव्ह पुसायची चिंधी कोंबली होती."

"मग साहेब?"

"साहेबांनी चहा मागवला," सदानंद म्हणाला. "आणि मला विचारलं, दूध कसं आहे चहातलं? मी म्हटलं, आपलं आहे, साहेब. चांगलं आहे." एवढं बोलून त्याने खिशातून किल्ली काढली. मग म्हणाला, "स्टोअरचं नाव नाही काढलं." आणि आत जाऊन झडप ओढून घेतली.

आता माझी परिस्थिती सांगतो. चहा उकळायला ठेवून मी ओट्यापाशी उभा राहतो, समोर बघतो, तर सागाच्या बारा पट्ट्या. म्हाताऱ्याने त्या अशा कोनात बसवल्यात की तिकडे वारा जातो, मला मात्र फक्त खानोलकरांचं छत दिसतं. बारा वर्षांची माझी सोय त्या पेन्सिलीच्या एका फुलीने संपवली. विघ्नेशच्या सासऱ्यांना नंबर द्यायला मी स्वतः गेलो, तेव्हा त्यांना बजावून सांगितलं, घ्या, पण शेजाऱ्यांच्या बाजूची खिडकी आधी विचार करून दाखवा, तिकडेही कुणाचा तरी चहा उकळत असेल.

एक गोष्ट मात्र क्लेमेंट मिस्त्रींनी मोजली नव्हती. त्या पट्ट्यांतून ऊन आत येत नाही, पण घोरणं बाहेर येतं. रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सुरू होतं. पहिले काही सूर हळू, मग लय सापडते, आणि साडेनऊला तर समोरच्या बाल्कनीतली कबुतरं जागा बदलतात. खालच्या मजल्यावरच्या एकाने सेक्रेटरींकडे तक्रार करायचं काढलं होतं. मी त्याला गाठून सांगितलं, बाबा रे, ज्या दिवशी हे बंद होईल ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी चहा टाकताना दूध आधी नीट वास घेऊन बघ.